यादीतली चौदावी बाब

“इतिहास वरून खाली येत नसतो, तो खालून वर जातो,” असं मी आमच्या विद्यापीठ कर्मचारी संघटनेच्या पहिल्या सभेत म्हणालो. सभेला अकरा जण होते. त्यांतले दोघं कूलरचा पंप दुरुस्त करायला आले होते आणि मी कधी संपवतो याची वाट बघत होते, कारण पंप माझ्या खुर्चीमागे होता. टाळ्या त्यांनीच आधी वाजवल्या.

“झालं का जी?” त्यांतल्या एकानं विचारलं.

“इतिहास झाला. मागण्या राहिल्या,” गावंडे म्हणाला.

गावंडे आमचा अध्यक्ष. तो भांडार विभागात होता. विद्यापीठातला सगळा कोरा कागद, खडू आणि फिनाइल त्याच्या ताब्यात असल्यामुळे त्याची निवड बिनविरोध झाली. मी सचिव, कारण मला मसुदा लिहिता येई.

मागण्या दोनच होत्या. पहिली म्हणजे रिकामी पदं भरा. आमच्याकडे माणूस निवृत्त झाला की त्याला शाल-नारळ मिळे आणि त्याचं टेबल शेजारच्याला मिळे. आदेशात लिहिलेलं असे, ‘पुढील आदेशापर्यंत अतिरिक्त कार्यभार’. पुढील आदेश मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही. त्या वर्षी मे महिन्यात माझ्याकडे तीन टेबलं होती. तायडेबाईंकडे चार.

दुसरी मागणी तायडेबाईंपुरती होती. त्या परीक्षा विभागात पुनर्मूल्यांकनाचं टेबल सांभाळत. सभेतही त्या मागच्या बाकावर बसून गुणांचे तक्ते तपासत होत्या.

“सुलोचनाबाई, तुम्ही दोन शब्द बोला,” गावंडे म्हणाला.

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. “दीड वाजला जी,” त्या म्हणाल्या, तक्त्यावर पट्टी ठेवली, आणि पिशवी घेऊन निघून गेल्या.

“बाईंचं भाषण तुमच्यापेक्षा बरं झालं, ढोकेभाऊ,” गावंडे मला म्हणाला. “तेच निवेदनात टाका.”

दीड वाजता त्या कुठे जातात हे सगळ्यांना माहीत होतं. कॅम्पसच्या मागच्या बाजूला कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स होती. तिथे त्यांचे यजमान वामनराव खाटेवर असत. ते आमच्याच छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. सहा वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, जीभही जड झाली. वामनराव दुसऱ्या कोणाच्या हातून घास घेत नसत. रात्री नणंद सोबतीला यायची, तिनं भरवलं तर तोंड मिटून घेत. म्हणून बाई दीडला सायकलवरून जात, भरवत आणि सव्वादोनला परत टेबलावर असत. चार टेबलांवर.

अशा चार टेबलांत मार्चमध्ये एक चूक झाली. एका मुलाचे वाढलेले गुण दुसऱ्याच्या बैठक क्रमांकावर चढले. एक नापास मुलगा अकरा दिवस पास राहिला. त्याच्या घरी पेढे वाटून झाले. गुण परत घेता आले, पण पेढे परत मागता येईनात, म्हणून त्याच्या वडिलांनी कुलगुरूंकडे तक्रार केली. तायडेबाईंची बदली निघाली. एकशे वीस किलोमीटरवरचं उपकेंद्र, एक जूनपासून.

“आठवड्याला एकदा येणं होईल,” बाई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या. “हे आठवड्याला एकदा जेवत नाहीत ना.”

तर मागणी क्रमांक दोन, ही बदली रद्द करा. नाहीतर वीस मे रोजी, म्हणजे निकालाच्या तोंडावर, एक दिवसाचा संप. निवेदन मी लिहिलं. अडीच पानं. गावंडेनं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, “वाचून मलाच माझी भीती वाटून राहिली.”

ते आम्ही आवक विभागात रीतसर दिलं. आवक क्रमांक पडला. तिथून ते कुलसचिवांकडे गेलं. कुलसचिवांनी कोपऱ्यात लिहिलं, ‘तपासून सादर करावे’. मग ते उपकुलसचिवांकडे आलं, तिथून सहायक कुलसचिवांकडे, तिथून कक्ष अधिकाऱ्याकडे. सगळ्यांनी सही करून खाली ढकललं. आस्थापनेच्या ज्या टेबलावर ते शेवटी पोचायचं, त्या टेबलाचे पाटणकर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. त्यांचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे होता.

नवव्या दिवशी माझं निवेदन माझ्या टेबलावर आलं. त्यावर मी माझं मत द्यायचं होतं.

“लिहा की,” गावंडे म्हणाला. तो माझ्या टेबलाच्या कडेवर टेकून बडीशेप खात होता. “मागणी रास्त आहे, मान्य करावी. खाली सही ठोका.”

“आणि बिडकर साहेब मान्य करतील?”

गावंडेची बडीशेप थांबली.

इथे बिडकर साहेबांबद्दल सांगायला हवं. कुलसचिव बिडकर हे सज्जन गृहस्थ होते, पण त्यांचा एक नेम होता. खालून ‘मान्य करावे’ अशी टिप्पणी आली की बाबू कोणाच्या तरी खिशात आहे असं ते समजत, आणि ‘अमान्य करावे’ अशी आली की बाबू माजला आहे असं समजत. दोन्ही वेळा ते उलट आदेश देत. त्यामुळे त्यांनी फाइल वाचली आहे हेही सिद्ध होई. हे सगळ्या विद्यापीठाला ठाऊक होतं. ज्याला नवी खुर्ची हवी असे तो लिही, ‘विद्यमान खुर्ची आणखी काही वर्षे टिकेल असे दिसते’. आठवड्यात नवी खुर्ची. माझ्या तिन्ही टेबलांच्या खुर्च्या अशाच आलेल्या. एका नव्या पोरानं सरळपणे ‘पंख्याची नितांत गरज आहे’ असं लिहिलं होतं. तो अजून वहीनं वारा घेतो.

मी टाक उचलला आणि टिप्पणी लिहिली. एक, सदर निवेदन प्राप्त. दोन, बदली प्रशासकीय कारणास्तव झाली आहे. तीन, रिक्त पदांचा सदर चुकीशी संबंध दिसून येत नाही. चार, श्रीमती तायडे यांची कौटुंबिक अडचण ही नियमात बसणारी बाब नाही. सबब मागणी अमान्य करणे उचित होईल. आदेशार्थ सादर.

गावंडेनं वाचलं. बराच वेळ वाचलं.

“चौथा मुद्दा जास्त झाला,” तो म्हणाला.

“तोच तर त्यांना टोचेल. लगेच उलट लिहितील.”

“बाईंना सांगितलं का?”

“कशाला? हुकूम निघाला की सांगू.”

“तुम्ही लई बेरकी आहात, ढोकेभाऊ,” गावंडे म्हणाला, आणि मला ते आवडलं, हे मी लपवत नाही.

फाइल वर निघाली. कक्ष अधिकारी, सही. सहायक कुलसचिव, सही. उपकुलसचिव, सही. मग ती कुलसचिवांच्या सहीच्या गठ्ठ्यात जाऊन पडली. वीस मे उजाडला तरी ती तिथेच होती. साहेबांना वेळ नव्हता. म्हणून संप करावा लागला.

संप प्रशासकीय इमारतीसमोर कडुनिंबाखाली झाला. गावंडेनं भांडारातून मंडप काढला, दीक्षान्त समारंभाचा, त्याला मागच्या बाजूनं सोनेरी झालर होती. बेचाळीस माणसं आली. कोणीच रिकाम्या हातानं आलं नव्हतं. पहिला तास घोषणा झाल्या. घोषणा द्यायची कोणाला सवय नव्हती, त्यामुळे ‘झालाच पाहिजे’ म्हणताना लोक एकमेकांकडे बघत होते. साडेदहाला पात्रता विभागाच्या इंगोलेनं पिशवीतून एक फाइल काढली.

“संप आहे, इंगोले,” मी म्हणालो.

“एवढी एकच जी. ही आज नाही झाली तर उद्या दोन दिवसांचं मलेच करावं लागन.”

अकरापर्यंत सगळ्यांच्या पिशव्या उघडल्या. बारा वाजता मंडपात टाचणीचा आवाज ऐकू येईल अशी शांतता होती, आणि टाचण्याही होत्या. झाडाखाली टेलिफोन नव्हता, चौकशीला येणारे विद्यार्थी संप बघून परत जात होते, आणि सावली आमच्या पंख्यांपेक्षा बरी होती. वर्षभरात एवढं काम कधी झालं नाही. गावंडे मधे मधे उठून एखादी घोषणा देई, आणि लोक मान वर न करता ‘झिंदाबाद’ म्हणत.

बाराच्या सुमारास बिडकर साहेब स्वतः चालत आले. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, गळ्यात शिट्टी. परीक्षा नियंत्रकांचं पद रिकामं होतं, तो कार्यभार साहेबांकडे होता. क्रीडा संचालकांचंही रिकामं होतं. शिट्टी त्याची.

गावंडे उठून उभा राहिला. “साहेब, आमच्या मागण्या…”

“बसा हो गावंडे. मलाही बसू द्या.” ते बाकावर टेकले. डोळे मिटून थोडा वेळ नुसते बसले. “ढोके, तुमच्याकडे किती टेबलं?”

“तीन, साहेब.”

“माझ्याकडेही तीन. तुम्ही माझ्याविरुद्ध संप करता. मी कोणाविरुद्ध करू, तेवढं सांगून ठेवा.”

मी त्यांच्यासाठी माठातलं पाणी आणलं.

“निकाल पंचवीसला लावायचाय,” पाणी पिऊन ते म्हणाले. “सह्यांचा गठ्ठा कोणाकडे आहे?”

सह्यांचा गठ्ठा तायडेबाईंकडे होता. ते त्यांचं चौथं टेबल. कुलसचिवांकडे जाणाऱ्या फायली लावायच्या, सहीची जागा उघडून समोर धरायची, सही झाली की शाई टिपून दुसरी धरायची. त्या गठ्ठा घेऊन मंडपात आलेल्याच होत्या. साहेबांनी बाकावरच मांडी घातली आणि पेन काढलं.

“साहेब, संप आहे,” गावंडे हळूच म्हणाला.

“तुमचा आहे. माझा नाही.”

मी तीन हातांवर बसलो होतो. बाई फाइल उघडत, साहेब ‘सहमत’ लिहीत, सही करत, बाई टीपकागद दाबत. उघड, सहमत, टीप. उघड, सहमत, टीप. साहेब टिप्पणी वाचत नव्हते. इतकी वर्षं वाचून वाचून उलट लिहिणारा माणूस त्या दिवशी पानाकडे बघतही नव्हता. उन्हानं त्यांचे डोळे तांबारले होते, आणि चष्मा, हे मी नंतर पाहिलं, शर्टाच्या खिशात होता.

मग आस्थापनेची फाइल आली. तिचं पिवळं कव्हर मी लांबूनही ओळखलं. मला वाटलं उठावं. उठून काय म्हणणार होतो, तेही ठरवत होतो, आणि ठरवताना बसूनच होतो.

बाईंनी ती उघडली. त्यांची नजर खाली गेली. माझं अक्षर विद्यापीठात कोणीही ओळखतं. त्यांनी चारही मुद्दे वाचले. वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ साहेबांचं पेन हवेत थांबलं.

“साहेब, ही जरा बघून घ्या,” बाई म्हणाल्या.

साहेब थकलेलं हसले. “बाई, या अख्ख्या विद्यापीठात एक तुमचाच गठ्ठा असा आहे की मला बघावा लागत नाही,” ते म्हणाले, आणि लिहिलं, सहमत.

बाईंनी टीपकागद दाबला. नीट दाबला, चारही कोपऱ्यांनी.

मी उठून बाकापाशी पोचलो तेव्हा त्यांनी पुढची फाइल उघडली होती.

“साहेब, ती मागची…” मी म्हणालो.

“कोणती?”

“तायडेबाईंच्या बदलीची.”

साहेबांनी खिशातून चष्मा काढला, लावला, फाइल मागे घेतली, वाचली. मला वाटतं, चौथा मुद्दा त्यांनी दोनदा वाचला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं.

“तुम्ही बोलला का नाही, बाई?”

“बोलले ना जी. बघून घ्या म्हटलं.”

“आता सही झाली,” साहेब म्हणाले. ते त्यांनी कसं म्हटलं ते सांगता येणार नाही. झाडावरून काहीतरी पडलं आणि फुटलं, तसं. “फेरविचार करता येईल. किती दिवसांनी, ढोके? परिपत्रक आहे ना काहीतरी?”

“सहा महिन्यांनी, साहेब.”

“मधे नाही?”

“मधे नाही.”

परिपत्रक माझंच होतं, सही झालेली फाइल सहा महिने उघडायची नाही, खाडाखोडही नाही. चार वर्षांपूर्वी लोक रोज त्याच त्याच फायली परत आणायला लागले, म्हणून कामाचा बोजा कमी व्हावा यासाठी मी ते लिहिलं होतं. त्याच्या मसुद्याचं फार कौतुक झालं होतं.

दीड वाजला. बाईंनी गठ्ठ्यावर दगड ठेवला, पिशवी घेतली आणि सायकल काढली.

सोमवारी कुलसचिव कार्यालयातून एक पत्रक निघालं. वीस मे रोजी फायलींचा विक्रमी निपटारा केल्याबद्दल सर्व कर्मचाऱ्यांचं अभिनंदन, आणि असा उपक्रम दरमहा राबवावा अशी सूचना. सहीच्या वर ‘सहमत’ होतं. गावंडेनं ते मंडपाच्या बांबूसकट भांडारात जमा केलं.

तायडेबाईंचा कार्यभार कोणाकडे द्यायचा, याचीही फाइल माझ्याकडेच आली. मी माझं नाव लिहिलं. या वेळी उलटसुलट काही केलं नाही. साहेबांनीही काही उलट लिहिलं नाही.

एकतीस मेला संध्याकाळी आम्ही त्यांच्या टेबलाशी समोरासमोर बसलो. कार्यभार हस्तांतरणाची यादी बाईंनी स्वतः टंकलिखित केली होती. मला वाचून दाखवत होत्या, मी बरोबरची खूण करत होतो.

“एक, कपाटाच्या चाव्या, तीन. दोन, प्रलंबित प्रकरणं, एकशे त्रेचाळीस. तीन, रबरी शिक्के, सात, त्यातल्या एकाची मूठ सैल आहे, दाबताना धरा. चार, टीपकागद…”

“तायडेबाई,” मी म्हणालो, “ती टिप्पणी…”

“मला समजली ना ती. मी काय नवी आहे का इथं?” त्या यादीवरून नजर न उचलता म्हणाल्या. “माझी खुर्चीही तशीच आली होती. पाच, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे…”

“तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.”

“हो,” त्या म्हणाल्या. “सांगितलं असतं तर मी ती गठ्ठ्यात सगळ्यात वर लावली असती. सकाळी सकाळी साहेब वाचतात.”

यादी तेरा बाबींची होती. तेराव्या बाबीखाली टंकलेखन संपलं होतं, आणि त्याखाली पेनानं, त्यांच्या सुवाच्य अक्षरात, आणखी एक ओळ होती. ती त्यांनी वाचून दाखवली नाही. कागद माझ्याकडे फिरवला.

‘१४. दुपारी १.३० वा. यांचे जेवण. क्वार्टर क्र. ब-९. पुढील आदेशापर्यंत.’

“स्वयंपाक नणंद सकाळी करून शाळेत जाते,” बाई म्हणाल्या. “भरवायचंच आहे फक्त.”

“पण ते माझ्या हातून घेतील का?”

“नाही घेणार. दोन-तीन दिवस. मग भूक लागेल.” त्यांनी पेनाचं टोपण काढून माझ्यापुढे धरलं. “सहमत असाल तर सही करा.”

मी सही केली. त्यांनी टीपकागद दाबला.

एक जूनला दीड वाजता मी ब-९ मध्ये गेलो. वामनराव भिंतीला टेकून बसवलेले होते. बाजूला स्टुलावर झाकलेलं ताट होतं, आणि ताटाखाली बाईंची चिठ्ठी. ‘घास लहान. पाणी मधे मधे. वरून मीठ देऊ नये, डॉक्टरांनी बंद केले आहे. मागतील.’

मी वरण-भात कालवला, छोटा घास केला, पुढे नेला. वामनरावांनी तोंड मिटलं. दुसऱ्या दिवशीही मिटलं. तिसऱ्या दिवशी मी घास केला आणि तसाच हातात धरून बसलो. मला वाटलं, या माणसाला आधी सांगायला हवं. सांगितल्याशिवाय हा घास पुढे नेण्याचा मला अधिकार नाही.

“वामनराव,” मी म्हणालो, “तुमच्या बायकोची बदली माझ्यामुळे कायम राहिली.”

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

मग मी सगळं सांगितलं. बिडकर साहेबांचा नेम, खुर्च्या, चार मुद्दे, चौथा मुद्दा जसा लिहिला होता तसा, शब्दशः. झाडाखालची शांतता, पिवळं कव्हर, मी उठायचं ठरवत बसलो ते, आणि माझं परिपत्रक. इतिहास खालून वर जातो असं मी म्हणालो होतो, तेही सांगितलं. वीस वर्षं मी सगळ्यांच्या वतीनं लिहीत आलो होतो, स्वतःच्या वतीनं एवढं सलग बोललो ते तेव्हाच. शेवटी म्हणालो की सहा महिने मी रोज येईन, आणि तुम्ही माझ्या हातून एक घासही घेतला नाहीत तरी माझी तक्रार नाही, कारण ते रास्त आहे.

भात गार झाला होता. बाहेर कोणाच्या तरी कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतल्याचा आवाज आला.

वामनरावांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला. त्यांनी आधी तोंड उघडलं, तर मी नकळत घास आत ठेवला. त्यांनी तो सावकाश चावला, गिळला. मग डावा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला, आणि एकेक शब्द खिळ्यासारखा उचलून जुळवत म्हणाले,

“ढोकेभाऊ… चिमूटभर… मीठ द्या.”